भागीदारच समजा

"आणि हे? भागीदार की कामगार?" मॅडमनी कागदावरून मान वर न करताच विचारलं, तेव्हा सोमेश्वर कापडदुकानाच्या गादीवर कल्याणरावांच्या शेजारी बसून एका म्हाताऱ्याला धोतरजोडी दाखवत होता. धोतराची किनार त्याने बोटांत धरली होती आणि ती तशीच धरून तो थांबला, कारण प्रश्न आपल्याबद्दल आहे हे कळायला त्याला जरा वेळ लागला. मॅडम बीडच्या कामगार कार्यालयातून आल्या होत्या. शेजारचं शटर घेऊन दुकान वाढवल्यापासून कामावरची माणसं दहा झाली होती आणि दहा झाली की दुकानाची रीतसर नोंदणी लागते, नोंदणी असली की बँकेचं काम सोपं होतं, म्हणून कल्याणरावांच्या मुलाने, मन्मथने, ऑनलाइन अर्ज केला होता. त्याचीच ही पाहणी. साड्यांच्या बाजूच्या मुली, पुरुषांच्या कपड्यांचा जमील, गोदामातला माणूस अशी एकेकाची नावं विचारत त्या गादीपाशी पोचल्या होत्या. कुणीच लगेच बोललं नाही तेव्हा त्यांनी मान वर केली आणि चांगल्या सुरात समजावून सांगितलं, "मालक आणि भागीदार आम्ही कामगारांत धरत नाही. हे भागीदार असतील तर तुमचे नऊच राहतात. मग नोंदणीसुद्धा नको, नुसती सूचना दिली तरी चालतं." म्हणजे त्या एका शब्दाने दुकानाची कटकट वाचत होती. मन्मथने वडिलांकडे पाहिलं. कल्याणरावांनी कापडाची कात्री उचलली आणि तिच्या पात्यांना कधी धार लावली होती ते आठवत असल्यासारखे ते तिच्याकडे बघत राहिले. सोमेश्वरला त्यांच्या कानाच्या पाळीवरचे पांढरे केस दिसत होते. ही शांतता आणखी लांबली तर काहीतरी फाटेल असं त्याला वाटलं, आणि फाटायला नको म्हणूनच की काय, तो पटकन म्हणाला, "कामाला हाय मी, मॅडम."

मॅडमनी नाव लिहून घेतलं, वय लिहून घेतलं, "सेल्समन टाकू ना?" असं विचारलं आणि त्याने "टाका" म्हटलं. हे सगळं झालं, पण त्याच्या ध्यानात राहिले ते कल्याणरावांचे खांदे. शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडताच ते खांदे खाली आले. जड पोतं उतरवून ठेवल्यावर येतात तसे. तेवढंच. त्यांनी कात्री जागेवर ठेवली आणि मॅडमसाठी थंड मागवलं. आणि तो म्हातारा, जो इतका वेळ सोमेश्वरशी हुज्जत घालत होता, त्याने धोतरजोडी सोमेश्वरच्या हातातून अलगद ओढून घेतली, गुडघ्यांवर सरकत कल्याणरावांकडे तोंड केलं आणि म्हणाला, "मग भावाचं तुमालाच इचारावं लागंल की मालक." कल्याणराव हसले. मन्मथ हसला. सोमेश्वरही हसला, आणि आपण हसलो याची त्याला त्या क्षणी जितकी लाज वाटली तितकी आधीच्या शब्दाचीही वाटली नव्हती.

दुकान दोघांच्या वडिलांनी सुरू केलं होतं. म्हणजे तसं म्हणायचं. सोमेश्वरचे वडील सुंदरराव आणि कल्याणरावांचे वडील हे सख्खे भाऊ. दोघं सायकलींना कापडाची गाठोडी बांधून नेकनूरच्या, युसूफवडगावच्या, केजच्या आठवडी बाजारात बसायचे. पुढे केजमध्ये पेठेत एक गाळा मिळाला तो थोरल्याच्या, म्हणजे कल्याणरावांच्या वडिलांच्या, नावावर, कारण थोरला सही करायला शिकला होता. सुंदरराव गेले तेव्हा सोमेश्वर अंबाजोगाईला कॉलेजात होता. तेराव्याच्या जेवणानंतर कल्याणरावांच्या वडिलांनी त्याला जवळ बसवून म्हटलं, "कावून तिकडं खोलीचं भाडं भरतूस? आपलं दुकान हाय, ये की." तो आला. 'आपलं' या शब्दाची त्याने कधी उलटसुलट तपासणी केली नाही. महिन्याच्या शेवटी एक पाकीट यायचं, त्याला कुणी पगार म्हणत नसे, 'घरखर्चाचं' म्हणत. दिवाळीला कल्याणरावांच्या घरी आलेल्या कापडातूनच त्याच्या घरचं कापड यायचं, आणि ते उरलेलं असायचं की काढून ठेवलेलं असायचं हेही त्याने कधी पाहिलं नव्हतं. संगीताला बघायला गेले तेव्हा तिच्या वडिलांनी विचारलं होतं, मुलगा काय करतो. सोमेश्वर खाली सतरंजीकडे बघत होता. कल्याणरावांच्या वडिलांनी सुपारी कातरता कातरता सांगितलं, "दुकानात भागीदारच समजा." त्या वेळी हे वाक्य त्याला केवढं मोठं वाटलं होतं! आता रात्री कूस बदलताना त्याला दिसलं की त्या वाक्यात सगळं वजन शेवटच्या शब्दावर होतं. समजा. लोकांनी समजलं, संगीताने समजलं, त्याने स्वतः तर इतकं समजलं की गल्लीतल्या कुणालाही सांगताना 'आमचं दुकान' असंच तोंडात यायचं. आणि मग एक दिवस एक बाई बीडहून आली, तिला समजून घ्यायचं नव्हतं, तिला माहिती हवी होती.

त्याला कल्याणरावांचा राग आला असता तर बरं झालं असतं. राग यावा म्हणून तो दोन-तीन दिवस मनातल्या मनात भांडला. दादा, तुमी एक शब्द बोलला असता तर काय गेलं असतं? पण काय गेलं असतं ते त्याला पुरतं कळत होतं. भागीदार म्हणून सरकारी कागदावर एकदा नाव लागलं की उद्या सोमेश्वरला नाही तरी सोमेश्वरच्या पोरीला, जावयाला काहीतरी सुचू शकतं. कल्याणराव वाईट माणूस नव्हते. सोमेश्वरच्या आईच्या आजारपणात ते लातूरला दवाखान्यात रात्र रात्र बसले होते. ते घाबरले होते, एवढंच, आणि ते घाबरलेले आहेत हे ओळखून सोमेश्वरने त्यांना सोडवलं होतं. कुणी मागितलं नसताना. लाज होती ती तिथे. त्याला कुणी ढकललं नव्हतं. तो आपणहून उतरला होता, आणि उतरताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत होता, त्याला बरं वाटलं का म्हणून.

नोंदणीचं प्रमाणपत्र आलं. मन्मथने ते चौकटीत घालून गल्ल्यामागे बसवण्णांच्या तसबिरीखाली लावलं. मन्मथला सगळं नीट करायची हौस होती. कायद्यात ओळखपत्र द्यायला सांगितलंय म्हणून त्याने निळ्या फितीची ओळखपत्रं करून आणली. दुकान आता आठवडाभर उघडं राहणार आणि प्रत्येकाला एकेक दिवस सुट्टी, पगारी. "सोमाकाका, तुम्हाला गुरुवार दिलाय," तो म्हणाला, "आराम करा की जरा." त्याच्या आवाजात खरंच माया होती. सोमेश्वरने ओळखपत्र घेतलं. फोटोत तो जरा दचकलेला दिसत होता.

जमीलचं उलटं झालं. जमील आणि तो एकाच वयाचे, दोन-तीन महिन्यांच्या अंतराने दुकानात आलेले. जमीलला शुक्रवार मिळाला. इतकी वर्षं नमाजला जाताना तो कल्याणरावांच्या नजरेला नजर देत नसे, "आलोच" म्हणून सटकायचा आणि परत येताना धावत यायचा. आता शुक्रवार त्याचा होता. तो ओळखपत्र शर्टावर असं मिरवायचा की गिऱ्हाईकं वाकून वाचायची. "अजमतबीनं फोटो काढून भावाला पाठवला बे, हैदराबादला," असं त्याने बायकोचं कौतुक सोमेश्वरला सांगितलं. मग आवाज खाली आणून, डोळे बारीक करून म्हणाला, "आता बराबर झालो न्हाई का आपन? तू बी सेल्समन, मी बी सेल्समन." त्यात थोडा आनंद होता, जरा टोचणीही होती, कारण गादीवर बसणाऱ्या सोमेश्वरने इतक्या वर्षांत त्याला कितीदा तरी सहज "ते तागे वर टाक रे" म्हटलं होतं. सोमेश्वर म्हणाला, "गप बे." जमील खूश होऊन हसला. 'बे' हा त्यांच्यातला जुना शब्द होता. कल्याणरावांच्या माघारी, गिऱ्हाईक नसताना, तागे रचताना तो दोघांच्या तोंडी यायचा आणि त्यात वर-खाली असं काही नसायचं. दिवसभरात तेवढाच एक शब्द सोमेश्वरला अंग सैल सोडून बोलता यायचा.

गुरुवारचं घरी काय सांगायचं, हा प्रश्न त्याला पहिल्या बुधवारी रात्री पडला. सुट्टी आहे म्हटलं की संगीता विचारणार, दुकान बंद का? दुकान तर उघडं. मग मालकाला कसली सुट्टी? त्याने काही सांगितलं नाही. सकाळी आंघोळ केली, कपाळाला विभूती लावली, इस्त्रीचा शर्ट घातला, डबा घेतला आणि रोजच्या वेळी घराबाहेर पडला. कोपऱ्यावर रोज डावीकडे वळायचं तिथे उजवीकडे वळला. तेवढ्यानेच त्याने मागे वळून पाहिलं, कुणी बघतंय का. ह्या वयात शाळा चुकवल्यासारखं. एसटी स्टँडवर थोडा वेळ बसला, पण तिथे ओळखीचं माणूस भेटतंच, आणि भेटलं की "कुठं निघालात?" विचारतंच. म्हणून समोर लागलेल्या माजलगावच्या गाडीत तो चढला. माजलगावला उतरून धरणाकडे गेला, भिंतीजवळ सावलीला डबा उघडला. पाणी खूप होतं, वारा होता. दोन बायका कपडे धूत होत्या. दुसरा कुणी असं दृश्य बघून सुखावला असता. त्याला सारखं वाटत होतं की आपल्याला आत्ता कुणीतरी हाक मारणार, आणि काय रे, दुकान सोडून इथे काय, असं विचारणार. पुढच्या गुरुवारी तो नारायणगडाला जाऊन आला. देवाच्या पायरीवर बसलेल्या माणसाला कुणी कारण विचारत नाही. पण दर गुरुवारी देव कुठून आणायचा? मग त्याला तहसील कचेरीचं आवार सापडलं. तिथे लिंबाखाली माणसं दिवस दिवस बसलेली असतात, मांडीवर पिशव्या, हातात कागद. साहेब जेवायला गेलेत, साहेब मीटिंगला गेलेत. त्यांच्यात आणखी एक बसला तर कुणाला काय? सोमेश्वरही एक जुनी फाईल काखेत घेऊन जाऊ लागला. रिकामीच.

त्या लिंबाखाली बसून त्याला वडील आठवायचे. वडिलांचा चेहरा त्याला धड आठवत नसे, आठवायचा तो आवाज. नेकनूरच्या बाजारात गोणपाटावर कापड पसरून सुंदरराव ओरडायचे, "ये माय, हात लावून बघ, हात लावायचं पैसं न्हाई!" सोमेश्वर तेव्हा सातवी-आठवीत असेल. सुट्टीत वडिलांबरोबर गेलेला. आणि समोरून त्याच्या वर्गातला एक मुलगा आईचा पदर धरून येताना दिसला. शिक्षकाचा मुलगा, पायात बूट. सोमेश्वर झटकन शेजारच्या भांडीवाल्याच्या गाडीमागे जाऊन उकिडवा बसला. त्या बाईने दोन खण घेतले. वडिलांनी सुट्टे आणण्यासाठी त्याला हाक मारली, "सोमा! ये सोम्या!" त्याने ओ दिली नाही. वडिलांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि मग त्यांची नजर गाडीच्या चाकाखालून दिसणाऱ्या त्याच्या पायांवर गेली. ती तिथे जरा थांबली. मग ते त्या बाईला म्हणाले, "पोरगं कुटं तरी खेळाया गेलं वाटतं," आणि सुट्टे आणायला स्वतः उठून गेले. परत येताना सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून त्यांनी त्याला घरी आणलं. त्यांना वाईट वाटलं का, हे त्याला तेव्हाही कळलं नाही. पण हे कापड पसरणं लाजायचं काम आहे आणि गादीवर बसणं नाही, असं काहीतरी त्याच्या मनात तेव्हापासूनच बसलं असणार, आणि त्या एका समजुतीवर पुढचं सगळं रचत गेलं असणार. कापड तर दोन्हीकडे तेच होतं.

एका गुरुवारी दुपारी तो असाच फाईल मांडीवर घेऊन बसला असताना फोन वाजला. जमील कुजबुजत होता. "कुठं हायेस बे? भाभी आल्यात दुकानात. रुद्राणी बी हाय. धारूरचे पाव्हने हायेत संगं." सोमेश्वर उठून उभा राहिला. त्याच्या मुलीसाठी, रुद्राणीसाठी, धारूरचं स्थळ आलं होतं. बिभीषणअप्पा आणि त्यांची बायको सुभद्राबाई यांचं तिथे भांड्यांचं दुकान, मुलगा अंबाजोगाईला दवाखान्यात लॅबमध्ये कामाला, आणि रुद्राणीही तिथेच नर्स. मुलांची पसंती होती, मोठ्यांची बोलणी अजून व्हायची होती. "कावून आले अचानक?" "हितं कुनाच्या तरी लग्नाला आलते म्हनं. भाभीनं सुभद्राबाईला साडी घ्यायला आनलंय. तू कुठं हायेस इचारतेत." "मग तू काय सांगितलंस?" "मी काय सांगनार? भाईर गेलाय म्हनलं. ये लवकर."

तहसीलपासून पेठ फार लांब नाही. तो चालत निघाला आणि थोड्याच वेळात धावू लागला. मग धावतोय हे लोकांना दिसेल म्हणून पुन्हा चालू लागला. ओळखपत्र खिशात होतं, त्याची फीत बाहेर लोंबत होती ती त्याने आत कोंबली. संगीताने पाव्हण्यांना काय सांगितलं असेल ते त्याला माहीत होतं. तिला सांगितलेलंच ती सांगणार. दुकानाच्या पायरीवर त्याने श्वास घेतला. आत गादीवर बिभीषणअप्पा मांडी घालून बसले होते, अंगात पांढरा सदरा, गळ्यात लिंग असलेला चांदीचा करंडा. पलीकडे सुभद्राबाई, संगीता, रुद्राणी, पुढ्यात साड्यांचा ढीग. आणि कल्याणरावांनी त्याला पाहताच हात उंचावून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हटलं, "या शेठ, या! पाव्हने कवाचे वाट बघायलेत, आन् तुमचा पत्ता न्हाई!"

शेठ. किती सहज म्हणाले! त्यांच्या खांद्यांना काही झालं नाही, त्यांनी कात्री हातात घेतली नाही. इथे कुणी लिहून घेत नव्हतं. सोमेश्वरला हे सगळं कळलं आणि कळूनही त्याच्या अंगात काहीतरी ऊब पसरली, थंडीत कुणी पांघरूण टाकावं तशी, आणि तो चप्पल काढून गादीवर चढला. कल्याणराव सरकले. तो लोडाला टेकला. लोडाला तो याआधी कधी टेकला नव्हता, ती कल्याणरावांची जागा. "जरा कचेरीत काम व्हतं," तो म्हणाला. आवाज आपला वाटत नव्हता, जरा जाडसर होता. बिभीषणअप्पांनी मान डोलावली. काहीतरी करायला हवं होतं, त्या जागेवर बसणाऱ्या माणसाने जे करायचं ते. समोर काउंटरपाशी जमील उभा होता, छातीवर निळी फीत, तोंडावर त्याला वेळेवर बोलावून आणल्याचं समाधान. सोमेश्वरने त्याच्याकडे न बघता दोन बोटं हलवली आणि म्हणाला, "ए जमील, चहा सांग बे. आन् कप धुवून आनायला सांग नीट, मागल्यावानी नको."

तोच शब्द. कित्येक वर्षांचा. तो तोंडातून निघाला आणि मधल्या हवेत कुठेतरी त्याची जात बदलली. जमील हलला नाही. क्षणभरच. त्याने सोमेश्वरकडे पाहिलं, मग गादीकडे, लोडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "जी शेठ." आणि चपला घालून रस्त्यावर उतरला. साड्यांच्या घड्या मोडता मोडता रुद्राणीने वर पाहिलं होतं. जमीलचाचाने लहानपणी तिला ताग्यांच्या मागे लपवून लपंडाव खेळवलेला होता. तिने मान पुन्हा खाली घातली.

चहा आला. जमीलने स्वतः तबक धरलं, सगळ्यांना वाकून कप दिले, सोमेश्वरलाही दिला. बिभीषणअप्पांनी बशीत ओतून घोट घेतला, दुकानभर नजर फिरवली आणि व्यापारी माणूस सहज विचारतो तसं विचारलं, "मग दुकान दोघांचंच म्हनायचं. वाटन्या झाल्या का अजून एकातच हाय?"

कल्याणरावांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा पुन्हा तसा झाला, त्या मॅडमसमोर झाला होता तसा, आणि सोमेश्वरला वाटलं आता आपण बोललं पाहिजे. परक्या बाईपुढे किती चटकन शब्द सापडले होते. पण ज्याला एकदा 'शेठ' म्हणून झालं होतं त्याच्या तोंडून ते बाहेर पडेना. त्याने कप उचलून तोंडाला लावला.

"वाटण्या कसल्या, अप्पा?" रुद्राणी म्हणाली. तिच्या हातात मोरपंखी साडी होती, ती तिचा पदर सुभद्राबाईंना दाखवत होती. "बाबा इथं नोकरी करतात. मी मागेच सांगितलंय की आईंना, फोनवर."

"व्हय, सांगितलंय पोरीनं," सुभद्राबाई पदरावरून हात फिरवत म्हणाल्या. "तुमाला बी मी बोलले व्हते, तुमचं ध्यान नसतंय."

"ध्यान हाय की," बिभीषणअप्पा म्हणाले. "कल्याणराव ह्यांना शेठ म्हनले म्हनून मला वाटलं माझ्याच ऐकन्यात चूक झाली. नोकरी तर नोकरी. आमचं पोरगं बी नोकरीतच हाय." आणि त्यांनी चहा संपवला. "ती लाल काठाची दावा बरं जरा."

एवढंच झालं. दुकानात काही पडलं नाही, कुणी उठून गेलं नाही. कल्याणराव गल्ल्याकडे वळून काहीतरी शोधू लागले. सोमेश्वर लोडाला टेकलेला होता तो सरळ झाला, मग गादीवरून खाली उतरला, कारण लाल काठाची साडी वरच्या फळीवर होती आणि ती कुठे आहे हे त्यालाच माहीत होतं. त्याने साडी काढली, घडी मोडली, हाताच्या एका झटक्याने पदर सोडला. हात नेहमीसारखे चालत होते. आयुष्यभर जे झाकून ठेवलं होतं ते कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं, कुणीच ते मागितलं नव्हतं. त्याच्यामुळे कुणी फसलं नव्हतं, लग्न मोडलं नव्हतं. रुद्राणी ते किती दिवसांपासून लोकांना सांगत असेल? शाळेत बाई विचारायच्या तेव्हापासून? तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं, आणि त्याने मात्र साडीच्या निऱ्या दाखवताना मान वर केली नाही.

पाव्हणे निघाले तेव्हा रुद्राणी त्यांना जीपपर्यंत सोडायला गेली. संगीता मागे राहिली. "कचेरीत व्हता म्हनं," ती हळू म्हणाली.

"व्हय. तहसीलला."

"दर गुरुवारी?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "अजमतबीनं कवाच सांगितलंय मला, बेस्तरवारची सुट्टी हाय म्हनून. मी म्हनलं, आज सांगतेल, उद्या सांगतेल." ती थांबली. "उन्हात बसत जाऊ नका. घरी झोपा की." आणि पिशवी उचलून ती पोरीच्या मागे गेली.

तो दुकानाच्या मागच्या अंगाला गेला. तिथे नळाखाली जमील कप धूत होता. चहावाल्याचे कप चहावाला घेऊन जातो, ते धुवायचे नसतात. तरी जमील ते धूत होता, एकेक, आतून बोट फिरवून. सोमेश्वर त्याच्या बाजूला उभा राहिला. काय म्हणायचं ते येताना त्याने ठरवलं होतं. त्यांच्यातला जुना एक शब्द ठरवला होता. तो आता तोंडात घेऊन बघवेना. शेवटी त्याने वाकून एक कप उचलला आणि नळाखाली धरला.

"राहू द्या," जमील म्हणाला.

"अरे, मी—"

"राहू द्या की. तुमची सुट्टी हाय आज." त्याने सोमेश्वरच्या हातातून कप काढून घेतला, ओढून नाही, नीट, गिऱ्हाईकाच्या हातून कापड घेतात तसा, आणि बाकीच्यांच्या रांगेत पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, जमीलचा. धारूरहून फोन आला, बोलणी करायला या म्हणून. रुद्राणीचं ठरलं. संगीताने शेजारी पेढे वाटले आणि वाटताना कुणाला काय सांगितलं ते सोमेश्वरने विचारलं नाही. दिवसभर तो ओळखपत्र गळ्यात घालून काउंटरमागे उभा होता. गादीवर बसला नाही. कल्याणराव एकदा "बस की" म्हणाले, त्याने "असू द्या" म्हटलं, आणि त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही.

शनिवारी जमील वेळेवर आला. सगळ्यांना सलाम केला, सोमेश्वरलाही केला. पेढा दिला तर घेतला, "मुबारक" म्हणाला, रुद्राणीला बरं घर मिळालं म्हणाला, मनापासून म्हणाला. कुठे कमी नव्हतं काही. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं. या वेळेला दोघं गोदामाच्या दारात पोत्यावर बसून जेवत, अजमतबीच्या हातचं चिंचेचं आंबट खट्टं एका वाटीत आणि संगीताची भाजी एका वाटीत, मध्ये ठेवून. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, होत आलेलं होतं. सोमेश्वरने पोतं झटकलं, डबा ठेवला आणि हाक मारली.

"तुमी घ्या," जमील काउंटरवरून म्हणाला. "मी घरून खाऊन आलतो."

सोमेश्वरने डबा उघडला. पहिला घास तोंडात घातला आणि चावत बसला. थोड्या वेळाने ताग्यांच्या भिंतीपलीकडून, जिथे पुरुषांचे कपडे लावलेले असतात तिथून, डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. अगदी हळू उघडलेलं, ऐकू जाऊ नये म्हणून.

सोमेश्वर चावायचा थांबला. आपण इथे आहोत, आपल्याला ऐकू आलंय, हे पलीकडे कळू नये म्हणून तो तोंडातला घास तसाच धरून, न हलता बसून राहिला.